उशिरा गेलेला पाय

उस्मान होडेकर कुवेतमध्ये चौदा वर्षं फुटबॉल खेळला आणि चौदा वर्षांत त्याला पिवळं कार्ड दाखवायची वेळ रेफ्रीवर फक्त दोनदा आली. त्यातलं एक तर थ्रो घ्यायला उशीर केला म्हणून. तो खेळायचा स्टॉपरच्या जागेवर, बचावाच्या अगदी मधोमध. तिथला माणूस म्हणजे धसमुसळा, अंगावर येणारा, अशीच सगळ्यांची समजूत असते. उस्मान अंगाने दांडगा होता, पण त्याचा पाय बॉलवर पडायचा, माणसावर नाही. समोरच्या टीमचे लोकसुद्धा त्याच्याबद्दल म्हणायचे, होडेकर कडक आहे, पण साफ आहे. ही दोन विशेषणं त्याला त्याच्या पगारापेक्षा प्यारी होती.

तो मूळचा हर्णैचा. ओहोटी लागली की किनाऱ्यावर जी ओली घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर तो खेळायला शिकला. एकोणिसाव्या वर्षी मुंबईतल्या एका सरकारी खात्याने त्याला आपल्या टीमसाठी घेतलं. नोकरी कायम नव्हती, वर्षावर्षाची होती. दर जून महिन्यात एक पत्र यायचं की तुम्हाला पुढच्या हंगामासाठी ठेवलेलं आहे. चार वर्षं जूनमध्ये ते पत्र आलं. पाचव्या वर्षी आलं नाही. त्याने आठवडाभर वाट पाहिली, मग स्वतः ऑफिसात गेला, तेव्हा कळलं की खात्याने टीमच बंद केली आहे. कुणी त्याला सांगायची तसदी घेतली नव्हती.

दोन हजार आठ साली त्याच्या मामाने त्याला कुवेतला आणलं. शुवैखमध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्टचं मोठं गोदाम होतं, तिथे तो स्टोअरकीपर म्हणून लागला. पहिल्याच महिन्यात गोदामात सुरेश रेडकर नावाचा मालवणचा माणूस फॅनबेल्ट घ्यायला आला. बोलता बोलता त्याला कळलं की हा मुंबईत ऑफिस टीमकडून खेळलेला आहे. सुरेश रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलांची एक टीम चालवायचा. पुढच्या शुक्रवारी उस्मान मैदानावर होता.

मैदान म्हणजे नुसती दाबलेली माती. दर शुक्रवारी गोव्याच्या, केरळच्या, मंगळूरच्या टीम तिथे जमायच्या. खेळणारे सगळे आठवडाभर कुठे ना कुठे राबणारे, पण लीगचे नियम कडक. एका टीममधून दुसरीत जायचं तर जुन्या टीमचं पत्र लागायचं. उस्मान मध्ये पाच वर्षं गोव्याच्या एका टीमकडे गेला, तीन वर्षं फहाहीलच्या एका टीमकडे आणि शेवटी परत सुरेशकडे आला. एवढ्या काळात त्याने अकरा गोल केले, त्यातले नऊ डोक्याने. स्टॉपरला अकरा गोल म्हणजे पुष्कळ झाले. दरम्यान लग्न झालं, बिल्कीस आली, फिजा झाली. बिल्कीस फरवानियातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. शुक्रवारी नवरा घरी नसणार हे तिने लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच मान्य करून टाकलं होतं.

अडतिसावं लागलं तेव्हा गुडघे बोलायला लागले. दर सप्टेंबरमध्ये सुरेश टीमच्या ग्रुपवर यादी टाकायचा, या हंगामात कोणाला ठेवलंय त्याची. दोन हजार बावीसच्या यादीत उस्मानचं नाव अगदी शेवटी होतं. त्याने फोन केला.

"अरे, लिहिताना खाली गेलं," सुरेश म्हणाला. मग थोडं थांबून, "पण यंदा बघू हां. पोरं वेगाने पळतात आता."

बिल्कीसने त्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय झाला?"

"काय नाय. नाव हाय यादीत."

"मग तोंड असा का केलंय?"

तो बूट घासत बसला.

नोव्हेंबरचा तिसरा शुक्रवार. उन्हाळा सरला होता, दुपारी तीन वाजता मैदानावर उभं राहता येत होतं. समोर वेंगुर्ल्याकडच्या मुलांची टीम होती आणि तिच्या डाव्या बाजूला खेळत होता तुळशीदास केळुसकर. वय सव्वीस. शुऐबाच्या एका रिफायनरीच्या कामावर तो परांची बांधायचा. लोखंडी पाइप खांद्यावर घेऊन आठ-दहा मजले चढायचं, वर उभं राहून नटबोल्ट आवळायचे, हे त्याचं काम. जलीबमध्ये एका खोलीत सहाजण राहायचे. पहाटे चारला बस यायची. शुक्रवार एवढाच त्याचा दिवस, आणि त्या दिवशी तो असा खेळायचा की जणू आठवडाभर त्याला कुणी बांधून ठेवलं होतं.

तो उस्मानच्या बाजूने पहिल्यांदा निसटला तेव्हा उस्मानने मनात म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्यांदा त्याने बॉल उस्मानच्या दोन पायांमधून काढला आणि वळसा घालून पुढे पळाला. उस्मान वळेपर्यंत गोल झाला होता. कडेला उभे असलेले लोक हसले. सुरेशही हसला. ते हसणं वाईट नव्हतं, असं काही दिसलं की माणूस हसतोच. पण उस्मानने ते पाहिलं.

साठावं मिनिट असेल. तुळशीदासला परत बॉल मिळाला. उस्मान त्याच्यावर धावला. तुळशीदासने बुटाच्या बाहेरच्या कडेने बॉल पुढे ढकलला. उस्मानला बॉल गेलेला दिसला, अगदी स्वच्छ दिसला. पाय मागे घ्यायला वेळ होता. चौदा वर्षं त्याने असाच पाय मागे घेतला होता, अंगाला ती सवयच होती. त्या दिवशी त्याने तो घेतला नाही.

आवाज दूरच्या टोकाला उभ्या असलेल्या गोलकीपरलाही ऐकू गेला. तुळशीदास ओरडला नाही. तो बसला आणि आपल्या पायाकडे बघत राहिला, कारण गुडघ्याखाली जिथे वाकायला काही नसतं तिथे पाय वाकला होता. रेफ्री मागे होता, धापा टाकत पोचला. त्याला दिसले ते एकमेकांवर पडलेले दोघे. त्याने फाऊलसुद्धा दिला नाही. दोघेही बॉलवर गेले, एकाचं नशीब वाईट, असं त्याने लिहिलं.

सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. आत सळई घातली. वॉर्डमध्ये लता म्हणून कोल्हापूरची नर्स होती. तिने उस्मानला बाजूला घेऊन मराठीत समजावलं, "हाड जुळेल, तरणा आहे. पण परांचीवर चढायचं म्हणताय, ते मला नाही वाटत इतक्यात. तुम्ही कोण त्याचे?"

"आम्ही एकत्र खेळतो," उस्मान म्हणाला.

पुढे त्याने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. हॉस्पिटलातून सोडल्यावर तुळशीदास जलीबच्या खोलीत आला, तेव्हा त्याच्यासाठी खालची खाट उस्माननेच रूममेटांकडून मागून घेतली. ड्युटी संपली की तो शुवैखहून थेट जलीबला जायचा, हातात बिल्कीसने दिलेला डबा. तुळशीदास सोमवारी मासे खात नाही हे बिल्कीसला पाठ झालं, त्या दिवशी वालाची उसळ जायची. तपासणीच्या दिवशी उस्मान अर्धी सुट्टी घेऊन त्याला आपल्या गाडीतून न्यायचा. मैदानावर, मशिदीबाहेर, बकाल्यात म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, लोक बोलायला लागले. माणूस असावा तर असा. स्वतःची काही चूक नाही, तरी भावासारखं करतोय. तुळशीदास स्वतः येईल त्याला सांगायचा, "उस्मानभाईंची चूक नाय हां. खेळात होता असां."

हे ऐकलं की उस्मान काहीतरी काम काढून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहायचा.

डिसेंबरातली गोष्ट. फिजा तेरा वर्षांची होती. टीमच्या फेसबुक पानासाठी ती मोबाइलवर मॅचचे व्हिडिओ काढायची, त्या दिवशीही काढला होता, पण तो तिने पानावर टाकला नव्हता. एका संध्याकाळी उस्मान नमाज उरकून बसला होता, तेव्हा ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. ती घरात कोकणी समजायची, पण बोलायची इंग्रजी.

"अब्बा, द बॉल वॉज गॉन."

त्याने तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"आय सॉ इट स्लो. यू वेअर लुकिंग अ‍ॅट द बॉल." तिचा आवाज अगदी हळू होता. "डिलीट करू?"

तिने 'करू' मराठीतून म्हटलं, म्हणजे ती घाबरली होती.

"नको," तो म्हणाला. "मला पाठव. आणि तू नको बघू परत."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी वाकडं वागली असं नाही. पण शुक्रवारी मैदानावर यायचं तिने बंद केलं, आणि का ते बिल्कीसने विचारल्यावर अभ्यासाचं कारण सांगितलं. मुलीला आपल्यामुळे खोटं बोलावं लागतंय हे उस्मानला दिसलं. चार दिवसांनी त्याने बिल्कीसला सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ठरवून केलंत?" तिने विचारलं.

"पाय मोडावा म्हणून नाय. लागावा म्हणून. पडावा म्हणून."

बिल्कीसने आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "त्याला सांगणार?"

"सांगायला पाहिजे."

"सांगून भला कोणाचा होणार? त्याचा का तुमचा? आता तो तुमच्या हातचा खातो, तुमच्या गाडीत बसतो. ते त्याला बरं वाटतं. उद्या सांगितलंत तर तेवढाही जाईल." तिने निवडलेली भाजी बाजूला केली. "नाय सांगितलंत तर मात्र तुमचा काय होईल ते मला दिसतंय."

तिचं म्हणणं त्याला पटलं, म्हणजे पटवून घेणं सोयीचं होतं. तो गप्प राहिला. खेळणंही त्याने थांबवलं, गुडघ्याचं निमित्त सांगून. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तुळशीदास कुबड्या सोडून काठीवर आला, पण टाच टेकवताना त्याचा श्वास अडकायचा. कंपनीने त्याला गोदामात बसवून बघितलं, महिनाभर. मग त्या रिफायनरीतलं त्यांचं काम संपत आलं. नव्या कामासाठी उंचीवर चढायला फिट असल्याचा दाखला लागत होता आणि डॉक्टर तो देईना. एप्रिलमध्ये कंपनीच्या मंदूबाने, म्हणजे कागदपत्रांचं बघणाऱ्या माणसाने, त्याचा पासपोर्ट आणून हातात दिला. विमान होतं बुधवारचं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी हंगामाचा शेवटचा कार्यक्रम होता. हॉल घेतला होता, जेवण होतं, बक्षिसं होती. रविवारी सुरेशचा उस्मानला फोन आला.

"एक ठरवलंय कमिटीने. तुझा सत्कार करायचा. तुळशीदाससाठी तू जे केलंस त्याबद्दल. नाही म्हणू नकोस, बोर्ड छापायला गेला पण."

उस्मान गोदामात रॅकपाशी उभा होता. त्याने हातातला खोका खाली ठेवला, आणि त्यात काय होतं ते तो विसरला. सोमवारी ड्युटी संपल्यावर तो डबा घेऊन जलीबला गेला. त्या दिवशीही बिल्कीसने उसळच दिली होती. त्याने घरी काही सांगितलं नव्हतं, पण निघताना ती दारापर्यंत आली होती.

खोलीत तुळशीदास एकटाच होता. बॅग उघडी होती, कपडे अर्धे भरलेले.

"बसा उस्मानभाई. चाय सांगतंय खाली."

"चाय नको. तुळशी, मना तुला एक सांगायचाय."

त्याने उभ्यानेच सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. बॉल गेला होता. मी बघितला होता. पाय मागे घेता आला असता.

तुळशीदास हसला. "काय बोलतास? मी जातंय म्हणान असां वाटता तुमका. तुमची चूक नाय होती."

उस्मानने मोबाइल काढला, व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. तुळशीदासने तो पाहिला. परत पाहिला. तिसऱ्यांदा बघताना त्याने बोट ठेवून चित्र थांबवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. चित्रात बॉल दोन हात पुढे होता आणि उस्मानची नजर त्याच्यावर होती.

"कित्याक?" त्याने विचारलं.

"तू पायामधून काढलास. लोक हसले."

"तेवढ्यासाटी?"

"हो."

तुळशीदासने मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. बाहेर जिन्यात कोणीतरी बादली घेऊन वर चाललं होतं, ते जाईपर्यंत तो थांबला.

"पाच म्हयने मी देवाक गाळी घातल्यो," तो म्हणाला. "आवशीक सांगलंय, नशिबात होतां. तिणा तां मान्य केल्यान, मी पण केलंय. तां सोसूक येत होतां. आता ह्यां कसां सोसू?"

उस्मान उभा होता.

"गप रवाक काय झाला होतां तुका?"

पाच महिन्यांत त्याने उस्मानला कधी तू म्हटलं नव्हतं. बारा वर्षांनी मोठ्या माणसाला म्हणण्यासारखं तू हे नव्हतं. उस्मान म्हणाला, "तू बोलशील ते कबूल हाय. कंपनीत सांग, लीगमध्ये सांग, मी येऊन लिहून देतो."

"लिवन दिऊन माझो पाय सरळ होतलो?" त्याने बॅगेत एक शर्ट टाकला, घडी न घालता. "जा तू. आणि डबो घेऊन जा."

डबा भरलेला होता तसाच उस्मानने उचलला. घरी आल्यावर बिल्कीसने तो हातात घेतला, वजनावरून समजली आणि ओट्यावर ठेवून दिला.

बुधवारी तुळशीदासला विमानतळावर रूममेटांनी सोडलं. उस्मानने गुरुवारी सुरेशला गाठलं आणि त्यालाही सांगितलं, सत्कार का नको ते. सुरेश आधी गोंधळला, मग त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"हे आणखी कोणाला बोललास?"

"तुळशीला. बिल्कीसला."

"आता बस कर. लीगवाल्यांच्या कानावर गेलं तर टीमवर बंदी येईल. वीस पोरं आहेत आपली, त्यांनी काय केलंय?" मग जरा मऊ होऊन म्हणाला, "आणि हे बघ, तुझ्या मनाने घेतलंय हे. रोज त्याचा पाय बघून बघून. तू असलं करणारा नव्हेस. मला माहीत नाही तू कसा खेळतोस?"

उस्मानने खिशातून मोबाइल काढला. सुरेशने हात पुढे केला नाही. "मला नाही बघायचं," तो म्हणाला.

शुक्रवारच्या कार्यक्रमाला उस्मान गेला नाही. त्याच्या नावाच्या छापलेल्या बोर्डाचं काय झालं ते त्याने विचारलं नाही. लीगच्या कमिटीला त्याने एक पत्र लिहिलं, चार ओळींचं, आणि स्वतः नेऊन दिलं. महिन्याभराने उत्तर आलं की हंगाम संपलेला आहे, रेफ्रीच्या नोंदीत फाऊल नाही, तेव्हा विषय बंद करण्यात येत आहे. गोष्ट तरी पसरलीच. पण झालं असं की अर्ध्या लोकांनी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही. होडेकर? छे. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं ते म्हणायचे आणि भेटल्यावर त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं जपून बोलायचे. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनी ओळख कमी केली. त्यांची वागणूक त्याला सोपी वाटायची.

सप्टेंबरमध्ये यादी आली. त्यात तो नव्हता. त्याने ग्रुप सोडला. शुक्रवारी दुपारी आता तो घरी असायचा, आणि घरात त्याची जागा कुठे ते त्यालाही कळायचं नाही, बिल्कीसलाही. फिजा हळूहळू पूर्वीसारखी बोलायला लागली, पण फुटबॉलबद्दल दोघे बोलत नसत. तुळशीदासला त्याने तीनदा फोन केला. उचलला गेला नाही. चौथ्यांदा केला नाही.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, भारतातल्या अनोळखी नंबरावरून फोन आला.

"तुळशीदास बोलतंय."

उस्मान रॅकच्या आडोशाला गेला. "बोल."

"पायात दुखता. सळई काढूक होयी म्हणतत कुडाळचे डॉक्टर. पण तेंका ऑपरेशनचे कागद होये. सळई खंयच्या कंपनीची, केवढी, तां सगळां. माझ्याकडे नाय. थंय दुसरो कोण आता माझ्या वळखीचो नाय रवलो."

"मी बघतो," उस्मान म्हणाला. "तुझ्या जुन्या सिव्हिल आयडीचा फोटो पाठव."

फोटो आला. हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीवर सांगितलं की रुग्ण स्वतः हवा, नाहीतर त्याचं अधिकारपत्र हवं. अधिकारपत्र मागवलं. ते इंग्रजीत होतं, अरबीत हवं होतं. टायपिंगच्या दुकानातून ते करून घेतलं, तर फाइलचा नंबर जुळेना, नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. मग त्याला लता आठवली. ती आता दुसऱ्या वॉर्डला होती. तिने त्याला ओळखलं.

"तो वेंगुर्ल्याचा मुलगा ना? तुमच्या टीममधला?"

"आमच्या टीममधला नाय. समोरच्या," उस्मान म्हणाला. "माझ्यामुळे मोडला त्याचा पाय."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग आत गेली आणि ऑपरेशनच्या रजिस्टरवरून नंबर शोधून आणला. चौथ्या खेपेला कागद मिळाले. एक्स-रेची सीडी, ऑपरेशनची नोंद, सळईच्या वेष्टनावरची चिकटपट्टी डकवलेलं पान. उस्मानने घरी बसून एकेका पानाचा फोटो काढला, पाठवला, आणि मूळ कागद सुट्टीवर निघालेल्या ओंकार नावाच्या एका कुडाळच्या माणसाबरोबर धाडले. पाकिटावर त्याने स्वतःचं नाव घातलं नाही.

दहा दिवसांनी मेसेज आला. मिळाले.

उस्मानने विचारलं, ऑपरेशन कधी आहे. मेसेज वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. ऑपरेशन गणपतीनंतर झालं आणि सळई निघाली, हे त्याला ओंकार परत आल्यावर कळलं. पाय अर्धा इंच आखूड राहिलाय, असंही ओंकारने सांगितलं. तुळशीदास शिरोड्याला बर्फाच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. लग्न ठरतंय.

"माझा काही निरोप?" उस्मानने विचारलं.

"नाही. मी तुमचं नाव काढलं, तर म्हणाला, कागद वेळेवर पोचले."

उस्मानने ते घरी येऊन बिल्कीसला सांगितलं. ती ऐकत होती. फिजाही दारात उभी राहून ऐकत होती. मग बिल्कीसने जेवायला वाढलं, आणि तिघे बसले.